हज्जियाची बोर

बी.एस्सी. ॲग्री झालेल्या माणसाशी लग्न करू नये, आणि केलंच तर त्याला अंगण असलेल्या घरात ठेवू नये, असं माझी आई म्हणायची. तिने दोन्ही केलं होतं. लग्न जळगावात, आणि अंगणाचं घर थेट कुवेतमध्ये. ती तिथे सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात नर्स होती. तिच्या मागोमाग मला घेऊन बाबा आले आणि दूर दक्षिणेला, वफ्र्याच्या एका शेतावर काकडी-टोमॅटोच्या ग्रीनहाऊसचे सुपरवायझर झाले. घर चालायचं आईच्या पगारावर आणि बाबांच्या मतांवर. आईच्या हातच्या भरतापासून पाऊस नसलेल्या देशातल्या पावसापर्यंत बाबांना प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं, आणि ते विचारल्याशिवाय मिळायचं.

आम्ही राहायचो एगैला नावाच्या उपनगरात, एका मोठ्या व्हिलाच्या मागच्या अंगणात, ड्रायव्हरसाठी बांधलेल्या दोन खोल्यांमध्ये. व्हिला हज्जियाचा. हजला जाऊन आलेल्या म्हाताऱ्या बाईला तिथे हज्जिया म्हणतात; तिचं खरं नाव आमच्यापैकी कोणी कधी घेतलं नाही. खुब्याचं हाड मोडून ती आईच्या वॉर्डात आली होती. वॉर्डातल्या यच्चयावत माणसांना तिने फैलावर घेतलं, आईला सोडून, कारण आईने पहिल्याच दिवशी तिला उलट सुनावलं होतं. घरी जाताना ती आईला म्हणाली, "माझ्या मागच्या खोल्या रिकाम्या आहेत. तिथे राहायला ये. मला रागावणारं माणूस घरात उरलेलं नाही." नवऱ्याच्या जुन्या धंद्यामुळे तिला मुंबईची हिंदी यायची, कामवालीला झापायला पुरेल एवढी. त्यापुढचं मी जुळवून द्यायचे, कारण शाळेत मला अरबी होतं आणि बाबांच्या मते ते मला उत्तम येत होतं. गुणपत्रिकेचं मत वेगळं होतं.

अंगणाच्या मधोमध बोर होती. तिकडे तिला सिद्र म्हणतात आणि बोरांना कनार. हज्जियाच्या नवऱ्याने बी पेरून वाढवलेली ती बोर व्हिलाच्या गच्चीच्याही वर गेली होती आणि तिच्या सावलीत एक प्लास्टिकची खुर्ची कायम असायची, हज्जियाची. आपल्याकडे बोरीखाली कोणी खुर्ची टाकून बसत नाही, पण वाळवंटात सावलीला काटे आहेत का हे कोणी विचारत नसतं. माझी सकाळ ठरलेल्या आवाजांनी व्हायची. आधी मशिदीतली बांग, मग बोरीवरचे बुलबुल, मग हज्जियाचा खोकला, मग आईच्या मिक्सरमधलं दाण्याचं कूट. शुक्रवारी त्यात खलबत्त्याची भर पडायची. कामवाली बोरीचा वाळवलेला पाला लोखंडी खलबत्त्यात कुटायची. त्या भुकटीला पाण्यात साबणासारखा फेस यायचा आणि हज्जिया त्याने केस धुवायची. आई त्याला हज्जियाची शिकेकाई म्हणायची. शुक्रवारीच दुपारी आमच्या कडीच्या डब्यातून तिच्याकडचं मचबूस यायचं, म्हणजे मसालेभात आणि वर अर्धी कोंबडी, आणि पुढच्या वेळी त्याच डब्यातून आमच्याकडचं भरीत किंवा पुरणपोळी जायची. डबा रिकामा परत करायचा नाही ही रीत आमच्याकडेही होती आणि त्यांच्याकडेही. हल्ली माझ्या पुण्याच्या सोसायटीत डबा परत येतो तो लखलखीत घासलेला आणि आत ठणठणीत रिकामा, वर "थँक्स हं". असो.

बाबांचं त्या बोरीबद्दलचं मत पहिल्याच दिवशी ठरलं. कमरेवर हात ठेवून त्यांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "रानटी आहे. नुसती वाढलीय. छाटणी नाही, वळण नाही. फळ तुरट, बेचव, बीच मोठी आणि गर नावाला." आमच्या जळगावची मेहरूणची बोरं म्हणजे बाबांच्या लेखी फळांची शेवटची पायरी, त्यापुढे देवाने फळं केली नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी हज्जियाची बोर पिकायची आणि खाली पिवळ्या-तांबूस फळांचा सडा पडायचा. मी ओढणीत भरून आणायचे आणि अभ्यास करता करता खात बसायचे. मला ती गोड लागायची. तसं म्हटलं की बाबा म्हणायचे, "तू मेहरूण विसरलीस, म्हणून तुला हे गोड लागतंय." मी आणखी एक तोंडात टाकायचे.

आमच्या घरात बऱ्याच वर्षांनी पाळणा हलला, माझा भाऊ सोहम झाला, आणि त्याच्या पहिल्या संक्रांतीला तिथल्या मराठी मंडळींनी एका हॉलमध्ये सगळ्या बाळांचं एकत्र बोरन्हाण ठरवलं. कारभार कुलकर्णीकाकूंकडे होता. त्या पुण्याच्या, त्यांचे यजमान बँकेत, आणि बँकवाल्यांना वफ्र्याचा सुपरवायझर म्हणजे भाजीवालाच. काळ्या कपड्यांत, हलव्याच्या दागिन्यांत पोरं ओळीने बसवली होती आणि त्यांच्या डोक्यावर ओतायच्या मापात होत्या स्ट्रॉबेऱ्या, चॉकलेटच्या गोळ्या आणि मॉलमधून आणलेले ते पांढरे मऊ मार्शमेलो. बाबांनी मापात डोकावून पाहिलं. "बोरं कुठायत?"

"अहो, इथे कुठली बोरं मिळायला," काकू म्हणाल्या. "मुलांना काय, डोक्यावर काहीतरी पडल्याशी कारण."

"बोरांशिवाय बोरन्हाण करायचं, तर पाण्याशिवाय आंघोळ करा की."

"मग तुम्ही आणा ना. तुम्ही तर शेतीवाले," काकू हसून म्हणाल्या, आणि शेजारच्या दोघी-तिघीही हसल्या. बाबांना ते हसणं बरोबर लागलं. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या संक्रांतीला त्यांच्या दारच्या झाडाची मेहरूणची बोरं इथल्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर पडतील. काकूंनी ते लगेच माईकवरून सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. दार हज्जियाचं, झाड हज्जियाचं, त्याला मेहरूणचं एकही बोर लागत नाही, आणि वचन माझ्या बापाचं. आईने सोहमच्या अंगावरचे मार्शमेलो झटकले आणि त्याला उचलून ती दाराकडे चालू लागली.

बाबांची योजना कागदावर निर्दोष होती. आमच्याकडे बोरीची छाटणी ऐन उन्हाळ्यात करतात. सगळ्या फांद्या काढून नुसते सोट ठेवायचे, मग नवे फुटवे जोरात येतात. त्या कोवळ्या फुटव्यांवर मेहरूणचे डोळे भरायचे, म्हणजे आमच्या झाडाच्या काडीवरचा एकेक डोळा काढून फुटव्याच्या सालीत बसवायचा आणि पट्टी बांधायची. खाली त्यांची बोर, वर आपली. "आणि हज्जियाला विचारलंत?" आई म्हणाली. बाबा म्हणाले, "विचारायचं काय त्यात? तिच्याच झाडाचं भलं करतोय." आई म्हणाली, "ज्याचं झाड त्याला विचारावं. तेवढं तुमच्या बी.एस्सी.त राहून गेलेलं दिसतंय." बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विषय बदलला. उन्हाळ्यात हज्जिया मुलाच्या कुटुंबाबरोबर मक्केला उमऱ्यासाठी, म्हणजे छोट्या यात्रेसाठी गेली, शुक्रवार आला, आईला ड्यूटी होती, आणि बाबांनी वफ्र्याहून आणलेली करवत बाहेर काढली.

मी सोहमला कडेवर घेऊन दारात उभी होते. एकेक फांदी पडत होती आणि बुलबुल ओरडत गच्चीवर जात होते. बाबा घामाने निथळत होते आणि मधूनमधून मला शिकवत होते, काप तिरपा घ्यावा, साल फाटू देऊ नये. दुपारपर्यंत बोरीचं खोड आणि चार-पाच थोटके सोट उरले. कापलेल्या टोकांना त्यांनी मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप फासला. अंगणात आता सावलीच नव्हती आणि हज्जियाची खुर्ची उन्हात पडली होती. संध्याकाळी आई आली, तिने फाटकातूनच ते पाहिलं आणि खाली पायरीवर बसली. "अहो," ती म्हणाली, "इथली माणसं सिद्र तोडत नाहीत. अपशकुन मानतात. आमच्या वॉर्डातली झाडूवालीसुद्धा हे सांगेल तुम्हाला." बाबा म्हणाले, "तोडलं कुठे? छाटलंय." तोडणं आणि छाटणं यातला फरक जळगाव जिल्ह्यात शेंबड्या पोराला कळतो, हे खरं आहे. पण आम्ही जळगाव जिल्ह्यात नव्हतो.

हज्जिया आली ती मुलाच्या मोठ्या गाडीतून. मुलाने आधी पाहिलं. तो काय बोलला त्यातले निम्मे शब्द आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हते, पण महिन्याच्या आत खोल्या रिकाम्या करा, हे नीट कळलं. एगैलात दुसरं घर आईच्या पगारात मिळणार नव्हतं. घर नाही तर मला आणि सोहमला जळगावला आजीकडे पाठवावं लागणार होतं, आणि हे सोहम सोडून आम्हा तिघांनाही त्या क्षणी एकदमच कळलं. बाबांनी मला पुढे ढकललं. "सांग त्यांना, झाड मेलेलं नाही. सांग, शास्त्रीय पद्धत आहे." मी सांगितलं, हा म्हणतो पुन्हा वाढेल. हज्जियाने मुलाकडे पाहिलं नाही की बाबांकडे. ती वॉकर टेकत टेकत खुर्चीपर्यंत गेली, भर उन्हात बसली, आणि खोडाला हात लावून हिंदीत म्हणाली, "अब मेरे को किस से नहलाएगा?"

मला वाटलं, ती केस धुण्याबद्दल बोलतेय. बाबांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते उत्साहाने म्हणाले, "शाम्पू, शाम्पू, हम लाएगा." आईने त्यांचा दंड धरला. तिने वॉर्डात माणसं गेलेली पाहिली होती आणि नंतर त्यांचं काय करतात हे तिला माहीत होतं. "गप्प बसा," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला न्हाऊ घालताना पाण्यात हा पाला घालतात त्यांच्यात." मग हज्जिया बोलत राहिली, मोडक्या हिंदीत आणि अरबीत, आणि मी जमेल तसं सांगत गेले. तिच्या नवऱ्याला याच झाडाच्या पाल्याने न्हाऊ घातलं होतं. तिने तेव्हाच मुलांना सांगून ठेवलं होतं, मलाही याच झाडाचा. म्हणून तर ती रोज त्याखाली बसायची. मुलगा म्हणाला, "आई, पाला बाजारात मिळतो." ती म्हणाली, "नवरासुद्धा बाजारात मिळाला असता."

बाबांकडे मत नव्हतं असा तो माझ्या आठवणीतला पहिला प्रसंग. मुलगा पुन्हा खोल्यांकडे बोट दाखवायला लागला, तेव्हा हज्जियाने वॉकर आपटला. "याला घालवलं तर झाडाला पाणी कोण घालणार? तू?" मुलगा गाडीत जाऊन बसला. मग ती बाबांना म्हणाली, आणि हे वाक्य मला न अडखळता सांगता आलं, "पाला येईपर्यंत मी मरत नाही. आणि पाला आल्याशिवाय तू इथून हलायचं नाहीस. ऐकलंस?"

त्या उन्हाळ्यात बाबा रोज संध्याकाळी वफ्र्याहून भाजीच्या गाडीत बसून यायचे. एरवी ते तिथेच मुक्कामाला असायचे आणि सुट्टीलाच उगवायचे. अंगाला काकडीचा वास, हातात पाण्याची नळी, आणि खिडकीत हज्जिया, राखण करायला बसल्यासारखी. थोड्याच दिवसांत निळ्या लेपाखालून कोवळे फुटवे आले, आणि त्यांच्याबरोबर बाबांची मतंही परत आली. "बघितलंस? शास्त्र आहे हे." याच सुमारास आई सुट्टीला जळगावला जाऊन आली आणि येताना, बाबांच्या आग्रहाखातर आणि स्वतःच्या मनाविरुद्ध, सोहमच्या लंगोटांमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मेहरूणच्या काड्या घेऊन आली. शहाण्या माणसाने त्या चुलीत घातल्या असत्या. बाबांना माईकवरच्या टाळ्या ऐकू येत होत्या. त्यांनी बोरीच्या मागच्या बाजूचे, खिडकीतून दिसणार नाहीत असे, चांगले पेन्सिलीएवढे जाड फुटवे निवडले आणि प्रत्येकावर डोळा भरला. मला म्हणाले, "विचारलं तर सांग, औषध लावतोय."

कुवेतच्या जुलैने त्या डोळ्यांची जी अवस्था केली ती सांगण्यासारखी नाही. पट्ट्या सोडल्या तेव्हा आत काळी साल निघाली, आणि जिथे जिथे बाबांचा चाकू लागला होता तो तो फुटवा वरपर्यंत वाळून गेला होता. पुढच्या बाजूला, जिथे त्यांनी हात लावला नव्हता, तिथे पाला दाट झाला होता. बाबा मागे उभे राहून वाळक्या काड्या मोडत होते, तेवढ्यात वॉकरचा आवाज आला. हज्जिया पहिल्यांदाच बोरीला वळसा घालून मागे आली होती. "काय बांधलं होतंस?" तिने विचारलं. मी औषधाचं सांगायला तोंड उघडलं, पण बाबांनीच मान हलवून मला थांबवलं आणि सांगितलं, आमच्या गावची बोर. अंड्याएवढं फळ येतं.

"आणि माझ्या बोरीत काय वाईट होतं?"

"लहान आहे," बाबा म्हणाले, "आणि रानटी आहे." मी ते जसंच्या तसं अरबीत सांगितलं; हे दोन्ही शब्द मला नेमके येत होते. हज्जिया इतकी हसली की तिला खोकला लागला आणि आईला पाणी घेऊन पळत यावं लागलं. "मीपण तशीच आहे," ती म्हणाली. "मलापण बांधतोस का काही?"

संक्रांत आली तेव्हा झाडावर एक बोर नव्हतं. मेहरूणचं तर नव्हतंच, आणि त्याची स्वतःची बोरंही उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकतात, हे बाबांनी इतकी वर्षं डोळ्यांनी पाहूनही हिशेबात धरलेलं नव्हतं. कुलकर्णीकाकूंचा फोन आला, "मग, बोरांसाठी पोतं आणू की टोपली पुरेल?" बाबांनी फोन आईकडे दिला. ते हॉलवर गेले नाहीत, आम्हीही गेलो नाही. आईने घरातच सोहमला काळं झबलं घालून पाटावर बसवलं आणि मापात चुरमुरे, तीळ आणि उसाचे करवे घेतले. हज्जियाला हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं, पण तिला सगळ्याचा वास लागायचा. ती आली ती कामवालीच्या हातात कापडी पिशवी देऊन. आदल्या हंगामातली, म्हणजे बाबांनी करवत चालवण्याआधीची, वाळवून ठेवलेली बोरं. आईने त्यातली ओंजळभर मापात टाकली. हज्जिया म्हणाली, मी ओतते. तिने माप सोहमच्या डोक्यावर उलटं केलं, तो रडायच्या ऐवजी हसला आणि एक वाळकं बोर उचलून तोंडात घालायला लागला. "हे कशासाठी करता?" तिने विचारलं. बोरांची आंघोळ आहे, पोर आजारी पडू नये म्हणून, आई म्हणाली. "छान," हज्जिया म्हणाली, "एकाच झाडाची पहिली आंघोळ आणि शेवटची आंघोळ." मी ते सांगितलं आणि आईचे डोळे भरून आले. बाबा दारात पाठ करून उभे होते. सोहम आता टोरांटोत असतो, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतो, आणि आपलं बोरन्हाण एका अरब म्हातारीने केलं होतं हे त्याला पार्टीत सांगायला फार आवडतं. बोरांचं इंग्रजी मात्र त्याला अजून धड येत नाही.

हज्जिया त्यानंतर काही वर्षं जगली. दर शुक्रवारी खलबत्ता वाजायचा आणि ती खुर्चीत बसून बाबांना ओरडायची, पाणी कमी घातलंस, पाणी जास्त घातलंस. झाड पुन्हा गच्चीला लागलं. मी बारावीला होते तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी एका पहाटे खोकला ऐकू आला नाही. थोड्या वेळाने आईला बोलावणं आलं, पण तिच्या करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सकाळी तोच मुलगा, ज्याने आम्हाला खोल्या रिकाम्या करायला सांगितलं होतं, आमच्या दाराशी येऊन उभा राहिला. कबरस्तानात सगळी सोय असते, पाला तिथेही असतो. त्याने बाबांना माझ्याकरवी फक्त एवढंच विचारलं, "तू काढून देशील का?"

बाबा बोरीवर चढले नाहीत. त्यांनी खालच्या फांद्या एकेक करून वाकवल्या आणि पानं हातानेच खुडली, चाकू न लावता. हज्जियाकडचा वाळवलेला साठा संपत आला होता आणि खलबत्त्यावर कामवाली रडत बसली होती, म्हणून थोडा साठ्यातला पाला आणि थोडी ताजी पानं आईने आमच्या मिक्सरमध्ये काढली, ज्यात रोज दाण्याचं कूट व्हायचं. एरवी दाराबाहेर प्रेत दिसलं तरी आंघोळ करणारी माझी आई, पण त्या दिवशी तिने सोवळ्याओवळ्याचं नावही काढलं नाही. हिरवी भुकटी कडीच्या डब्यात भरून बाबांनी ती मुलाच्या हातात दिली. दोघांनी एकमेकांचे हात धरले. त्याला हिंदी येत नव्हती आणि बाबांना अरबी, आणि मला कोणी काही सांगायला बोलावलं नाही.

तीन दिवसांचा शोक संपल्यावर संध्याकाळी हज्जियाची सून डबा घेऊन आली. "रिकामा देऊ नका असं सांगून ठेवलं होतं त्यांनी," ती म्हणाली आणि परत गेली. आईने कडी काढली. डबा बोरांनी शिगोशीग भरलेला होता, झाडाखालून त्याच दिवशी वेचलेल्या, पिवळ्या-तांबूस. आईने डबा बाबांपुढे ठेवला. बाबांनी एक बोर उचललं, पुसलं, तोंडात टाकलं आणि सावकाश चावत राहिले. मग दुसरं घेतलं. बिया तळहातावर काढून त्यांच्याकडे बघत बसले.

"काय हो?" आईने विचारलं.

"गोड आहेत," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "म्हणजे तुम्ही याआधी कधी खाल्लंच नव्हतं?"

बाबांनी मान खाली घातली आणि तिसरं बोर उचललं.